शहाणा स्वार्थ कोठवर पुरतो?

‘स्वार्थ’ हा शब्द कानावर पडला की आपण नाक मुरडतो. शाळेच्या फळ्यावरील सुविचारांपासून सत्कारसमारंभांतील भाषणांपर्यंत एकच शिकवण आपल्याला मिळालेली असते : सद्गुण म्हणजे त्याग आणि स्वार्थ म्हणजे दुर्गुण. ही वाटणी मला पटत नाही. रोजच्या व्यवहारातील पुष्कळसा प्रामाणिकपणा स्वार्थाच्याच आधाराने उभा असतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

गल्लोगल्ली चालणारी भिशी घ्या. दहा जणी दरमहा हजार रुपये भरतात. जिच्या नावाची चिठ्ठी निघेल तिला दहा हजार मिळतात. पहिल्याच महिन्यात जिला भिशी लागली तिने पुढचे हप्ते बुडवले, तर नऊ हजारांचा उघड फायदा. कागद नाही, जामीन नाही. तरीही ती उरलेले नऊ हप्ते बिनबोभाट भरते. का? तिला त्याच आळीत राहायचे असते, अडीअडचणीला त्याच शेजारणींचे दार वाजवायचे असते. नऊ हजारांपेक्षा पत मोठी, हा तिचा हिशेब चोख आहे. खाटीक आणि पाववाला यांच्या दयाबुद्धीमुळे नव्हे, तर त्यांना स्वतःचे हित कळते म्हणून आपल्याला जेवण मिळते, असे ॲडम स्मिथने १७७६ साली मांडले, ते याच अर्थाने.

परंतु एवढ्याने नीतीचा प्रश्न सुटत नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ च्या आपल्या ग्रंथात एका दुकानदाराचे उदाहरण दिले आहे. हा दुकानदार अजाण गिऱ्हाइकाकडूनही जादा दाम घेत नाही. लहान मुलालाही मोठ्यांच्याच भावाने माल देतो. वागणे योग्यच. पण ते कर्तव्य म्हणून, की धंद्याची सोय म्हणून? नुसत्या वागण्यावरून ते सांगता येत नाही, असे कांट म्हणतो. मला वाटते, एका प्रसंगी ते थोडेफार कळू शकते. जत्रेतल्या ज्या परगावच्या माणसाचे तोंड पुन्हा दिसणार नाही, त्याला माल देताना तराजूचा काटा कोठे राहतो ते पाहावे. जेथे पत जाण्याची भीती नाही तेथे हिशेब संपतो, आणि सचोटी असलीच तर तेथून सुरू होते.

आता आपल्या घरचेच उदाहरण. परीक्षेत कॉपी करणारा विद्यार्थी स्वतःला व्यवहारी समजतो. पर्यवेक्षकाची पाठ वळली, काम झाले! पण ज्या पदवीसाठी हा खटाटोप, तिला किंमत कोणी आणली? रात्री जागून, स्वतःच्या डोक्याने उत्तरे लिहिणाऱ्या हजारोंनी. हा गृहस्थ त्यांच्या भिशीत एकही हप्ता न भरता रक्कम तेवढी उचलतो.

यावर त्याचे उत्तर ठरलेले असते : “माझ्या एकट्याच्या कॉपीने पदवीची किंमत थोडीच उतरणार आहे?” हे उत्तर खोटे नाही, आणि खरी अडचण तीच आहे. एकट्यापुरता पाहिला तर त्याचा हिशेब जुळतो. सर्वांनी तोच केला की पदवीचा नुसता कागद उरतो. येथे शहाणा स्वार्थही हात टेकतो. आपल्या राज्याने परीक्षांतील गैरप्रकार रोखण्यासाठी १९८२ साली कायदा केला, तो योग्यच होता. पण कायद्याला प्रत्येक बाकामागे उभे राहता येत नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना स्वार्थ सोडण्याचा उपदेश मी करणार नाही. स्वार्थ जरूर पाहावा, आणि लांबवरचा पाहावा. निम्मीअधिक सचोटी त्यातूनच येईल. उरलेलीसाठी मात्र फायद्याचे कारण शोधत बसू नये. ज्या भिशीतून आपण घेतो तिच्यात आपला हप्ता भरायचा, एवढे कारण मला पुरेसे वाटते.