खो देणाऱ्याच्या खात्यावर

फुटबॉलमध्ये गणित असतं आणि खो-खोत नुसती धावपळ, असं मत आमच्या बँकेत जेवणाच्या सुट्टीत ठामपणे मांडलं जातं. मांडणारे गृहस्थ रात्र रात्र जागून युरोपातल्या मॅचेस बघतात नि सकाळी नोटा मोजताना जांभया देतात. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' यातला अर्धाच भाग त्यांना मान्य आहे. जर्मनीने 2014 चा विश्वचषक म्हणे संगणकावर खेळाडूंच्या हालचाली अभ्यासून जिंकला. (गोलही करावे लागले, हे ते सांगत नाहीत.)

फुटबॉलचं गणित मला कबूल आहे. अहो, कॅमेरे सेकंदाला 25 वेळा प्रत्येकाची जागा टिपतात; 22 जणांच्या 90 मिनिटांत 29 लाख 70 हजार नोंदी! इतक्या एंट्र्या आमच्या शाखेत मार्चअखेरीलाही होत नाहीत. मग मैदानाची वाटणी होते. जी जागा ज्याला सर्वांत जवळ, ती त्याची. या वाटणीला वोरोनॉई नावाच्या गणितज्ञाचं नाव आहे. बँकेत आम्ही याला शाखांना गावं वाटून देणं म्हणतो. आणि गोचीही तीच. नकाशावर गाव शाखेला चिकटून, पण मधे गोदावरी! म्हणून पुढे अंतराऐवजी पोहोचायला लागणारा वेळ मोजू लागले. उजवीकडे सुसाट सुटलेल्या माणसाला डावीकडे वळायला वेळ लागतोच की.

आता खो-खोत या. इथे मधली पाटी हीच गोदावरी. आक्रमकाने ती ओलांडायची नाही आणि एकदा दिशा धरली की खांब येईपर्यंत मागे फिरायचं नाही. पळणारा मात्र बसलेल्यांच्या मधून खुशाल इकडून तिकडे! हातभर अंतरावरचा गडी आक्रमकाला अप्राप्य, आणि जागचा न हललेला, उकिडवा बसलेला सोबती त्याला एका 'खो'त गाठणार. 2022 मध्ये पुण्याला बालेवाडीत अल्टिमेट खो-खो लीग झाली, तिच्यात कुठेही वळायची मुभा असलेला 'वझीर' होता. एका माणसाला मागे वळू द्यायचं तर नवीन पद काढावं लागतं, आणि म्हणे यात गणित नाही!

बरं, हे भांडण नुसतं गप्पांपुरतं नाही. सामन्याची बातमी वाचा. अमक्याने 2 मिनिटे संरक्षण केलं, तमक्याने 4 गडी टिपले. ज्याने शिवलं त्याच्या नावावर सगळं जमा. त्याआधी खो देत देत ज्यांनी पळणाऱ्याला खांबापाशी कोंडलं, त्यांनी केलेल्या भरण्याची पावतीच नाही! कॉमर्सवाल्याला हे कसं सहन व्हावं? 2018 मधल्या एका अभ्यासाने मेस्सी नुसता चालत राहूनसुद्धा मोकळी जागा कशी मिळवतो, हे दाखवलं. चालणाऱ्या मेस्सीचं श्रेय मोजता येतं, तर वेळेवर खो देणाऱ्या सेलूच्या किंवा जिंतूरच्या पोराचं का येऊ नये? निवड चाचणीत ते पोर मागे राहतं, कारण कागदावर त्याची नोंदच नसते. निवड करणारे तरी काय बघणार!

मैदान ते काय, 27 बाय 16 मीटर. शाळेच्या गच्चीवर मोबाइल लावला तर अख्खं दिसतं. पळणारे 3, पाठलागावर 9, म्हणजे एका वेळी माणसं फक्त 12. फुटबॉलपेक्षा 10 कमीच. कुणी चित्रीकरण आणून द्या, रविवारी मी मोकळा असतो.