पवनचक्की पाहताना

शालेय सहलींत पवनचक्की छायाचित्रापुरतीच उरते. नागझिऱ्याच्या जंगलाकाठच्या गावांतून आमच्या वसतिगृहात आलेल्या मुलांना ती तशी दाखवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस साताऱ्याला थांबते. तेथून ठोसेघरमार्गे चाळकेवाडीचे पठार गाठता येते. राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला मुलांना न्यायचे, तर त्या पठारावर वर्ग भरला पाहिजे.

यंत्र समजण्यास अवघड नाही. पात्याची घडण विमानाच्या पंखासारखी असते. वारा दोन्ही बाजूंनी वाहताना दाबात फरक पडतो आणि पाते ओढले जाते. वारा त्याला नुसता ढकलत नाही. मोठ्या यंत्राची पाती मिनिटाला 15 ते 20 फेरेच घेतात. बहुतेक यंत्रांत ही संथ गती दंतचक्रांच्या पेटीतून वाढवून जनित्राला दिली जाते. माथ्यावरील वातदर्शक दिशा सांगतो, तसे यंत्राचे सबंध डोके वळते. वाऱ्याचा वेग सेकंदाला 3 ते 4 मीटरच्या खाली गेला तर वीज नाही. सुमारे 25 च्या वर गेला, तर पाती वाऱ्याकडे धार करून यंत्र स्वतःच थांबते.

खरा धडा घनाचा आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातील शक्ती आठपट होते. निम्मा झाला की आठवा हिस्सा उरतो. म्हणून नैर्ऋत्येचे वारे अंगावर घेणाऱ्या सह्याद्रीच्या माथ्यावर ही यंत्रे उभी राहिली. आमच्या वैनगंगेच्या सखल खोऱ्यात वारा मंद. येथे तिरोड्याला कोळशावर चालणारे 660 मेगावॅटचे 5 संच आहेत. फळ्यावर हिशेब मांडावा: त्या 3300 मेगावॅटसाठी 2 मेगावॅटच्या 1650 पवनचक्क्या लागतील, आणि त्याही वारा भरपूर असेल तेव्हाच पुऱ्या पडतील!

चाळकेवाडीच्या पश्चिमेस कोयनेचे अरण्य आहे. 2010 मध्ये ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेले, तर आमचे नागझिरा 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात. वाघाच्या शेजारी राहताना सरपण, मोहफुले, चराई यांचे काय होते, हे आमच्या मुलांना पुस्तकातून शिकवावे लागत नाही. म्हणूनच पठारावर त्यांना विचारू द्यावे: मनोऱ्यांकडे जाणारे रस्ते कोणाच्या जमिनीतून गेले? मोबदला कोणाला मिळाला? तयार झालेली वीज कोठे जाते? धूर दिसत नाही एवढ्यावर समाधान मानणारे विज्ञानशिक्षण अपुरे आहे. आमचा कल पवनचक्कीकडेच आहे. राखेच्या ढिगापेक्षा फिरते पाते केव्हाही बरे. मात्र जंगलाकाठी मनोरा उभारण्यापूर्वी तेथील ग्रामसभेचे म्हणणे ऐकले जावे, हा आमचा आग्रह राहील.

आणखी एक. ही सहल नाताळच्या सुट्टीऐवजी पावसाळ्यातच न्यावी. मंदावलेली यंत्रे पाहून परतलेल्या मुलांना आठपटीचे गणित कसे पटावे?