तंबाखूची उचल कशी फिटेल?

आमच्या धाराशिव जिल्ह्यांत "मी तंबाखू सोडली" असें सांगणारे पुष्कळ भेटतात. "माझी तंबाखू सुटली" असें सांगणारे थोडे. सोडणें हें एका सकाळचें काम आहे, सुटणें हें महिन्या-दोन महिन्यांचें. ह्या दोहोंमधल्या दिवसांत माणूस कां हरतो, आणि त्यानें हरूं नये म्हणून त्यानें स्वतः, त्याच्या घरानें व त्याच्या गांवानें काय करावें, एवढाच विचार आज आम्हांस करावयाचा आहे. तंबाखू वाईट आहे हें सांगण्यांत आम्ही शाई खर्च करीत नाहीं. तें खाणाऱ्यालाही ठाऊक आहे. पुडीवर सडलेल्या तोंडाचें चित्र छापलेलें असतें, आणि तें पाहत पाहतच तो पुडी फोडतो. तेव्हां टंचाई उपदेशाची नाहीं. टंचाई आहे ती उपायाची आणि सोबतीची.

प्रथम हें दुखणें कोणाचें तें पाहूं. सन २०१६-१७ च्या सरकारी पाहणींत महाराष्ट्रांतील पंधरा वर्षांवरील माणसांपैकीं शेंकडा २६.६ माणसें कोणत्या ना कोणत्या रूपानें तंबाखू घेतात असें आढळलें. पुरुषांत हें प्रमाण शेंकडा ३५.५ व बायकांत शेंकडा १७. ओढणारे शेंकडा चारांच्याही आंत. बाकीचा सारा भरणा चघळणाऱ्यांचा व दांतांस लावणाऱ्यांचा. म्हणजे आमच्या मुलखाची तंबाखू धुरांत नाहीं, तोंडांत आहे. बायकांचा आंकडा वाचून कोणी चमकूं नये. पुष्कळ माउल्या म्हणतात, "आम्ही कुठें तंबाखू खातों? नुसती मिश्री लावतों." बायांनो, मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच होय. तिनें हिरडी बधिर होते म्हणून दांत बरा झाल्यासारखा वाटतो. दांत बरा होत नाहीं.

आतां खाणाऱ्याचें म्हणणें ऐकूं. तो म्हणतो, "कष्टाचें काम तंबाखूवांचून होत नाहीं. आमच्या बापजाद्यांपासून हें चालत आलें आहे." बापजाद्यांचें नांव निघालें, तर बापजादे कोण होते तें तरी नीट पाहूं. तंबाखूचें झाड ह्या देशाचें नव्हे, तें अमेरिकेंतलें. सन १४९२ सालीं कोलंबस तिकडे पोंचला, तोंवर आपल्याकडील कोणी त्याचें पानही पाहिलें नव्हतें. पोर्तुगीज गलबतांतून तें पश्चिम किनाऱ्यावर आलें. सतराव्या शतकाच्या आरंभीं असद बेग नांवाचा सरदार विजापुराहून तंबाखू घेऊन अकबराच्या दरबारीं गेला, तेव्हां तेथल्या लोकांना तो नवलाचा पदार्थ वाटला. आमचें नळदुर्ग त्या वेळीं त्याच विजापूरच्या आदिलशाहींत होतें. म्हणजे ही चाल चारशें वर्षांच्या आसपासची. आणि आमचें तेर? दोन हजार वर्षांपूर्वीं तगर ह्या नांवानें तें दूरदेशीं प्रसिद्ध होतें; तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदरास जाई व तेथून समुद्रापार जाई. तें कापड विणणाऱ्या कोष्ट्यानें तंबाखू मळली नव्हती. त्याच तेरचे गोरोबा काका सातशें वर्षांपूर्वीं चिखल तुडवीत होते आणि चाक फिरवीत होते. त्यांच्या मुखांत विठ्ठलाचें नांव होतें. तंबाखूचा बार असणें शक्यच नव्हतें. ज्या कुंभारानें, कोष्ट्यानें, लोहारानें, कुणब्यानें हा मुलूख उभा केला, त्यानें तो तंबाखूवांचून उभा केला. तेव्हां "तंबाखूवांचून काम होत नाहीं" हें बापजाद्यांचें म्हणणें नव्हे, तें तंबाखूचेंच म्हणणें आहे. ती फक्त आपल्या तोंडून बोलते.

ती असें कां बोलविते? ह्याचें उत्तर आमच्या भूम, परांडा, वाशी, कळंबकडच्या वाचकांस लवकर समजेल, कारण उचल म्हणजे काय तें त्यांस सांगावें लागत नाहीं. मुकादम हंगामापूर्वीं पैसे हातावर ठेवतो, तेव्हां अडचण भागते व तो देव वाटतो. पुढें सहा महिने कोयता चालतो तो ती उचल फेडण्यासाठीं. आणि हंगाम संपला तरी कांहीं बाकी उरतेच, म्हणून पुढच्या वर्षीं पुन्हां उचल. तंबाखूचा हिशेब हाच. तिच्यांत निकोटीन नांवाचें द्रव्य असतें. चुना लावून मळलें कीं तें मोकळें होतें, गालाच्या आंतल्या नाजूक कातडींतून रक्तांत शिरतें व मेंदूस पोंचतें. तरतरी येते. पण दोन तासांच्या सुमारास रक्तांतलें निम्में द्रव्य उतरतें. मग चित्त लागत नाहीं, चिडचिड होते, हात आपोआप खिशाकडे जातो. दुसरा बार भरला कीं बरें वाटतें. हें बरें वाटणें म्हणजे कमाई नव्हे. पहिल्या बारानें जी बाकी काढली ती दुसऱ्यानें तेवढ्यापुरती भरली, इतकेंच. न खाणारा माणूस त्याच बांधावर, त्याच उन्हांत, बाराशिवाय तितकेंच काम करतो. कारण त्याच्या अंगावर उचलच नाहीं.

दुसरीही गोष्ट आहे. तंबाखूनें भूक मरते. पहाटे फडांत उतरलेल्या माणसास भाकरीस वेळ नसतो, तेव्हां तो बारावर दुपार काढतो. भूक म्हणजे अंगाचें न्याय्य मागणें. तें मागणें चिमूटभर पानानें दाबून जो राबतो, त्याचा लाभ कोणास? राबवून घेणाऱ्यास. भाकरीची सुटी मागण्याऐवजीं आपण भूकच मारून टाकतों, आणि ह्याला ताकद म्हणतों! कष्टकऱ्यानें ह्या एका गोष्टीचा तरी विचार केलाच पाहिजे.

व्याज कोठें भरावें लागतें तें सर्वांस माहीत आहे. सन २००४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें तपासणी करून चघळण्याच्या तंबाखूनें माणसास कर्करोग होतो असा निर्वाळा दिला, आणि नुसत्या सुपारीनेंही होतो असें ठरविलें. त्याच सालीं श्री. शरद पवार यांच्या तोंडाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली. हें दुखणें आपल्या संवयीचें फळ, असें ते पुढें लोकांस उघडपणें सांगत आले. तासगांव तालुक्यांतल्या अंजनीच्या साध्या घरांतून वर आलेले, ग्रामस्वच्छतेची चळवळ खेड्याखेड्यांत नेणारे आर. आर. आबा पाटील फेब्रुवारी २०१५ मध्यें तोंडाच्याच कर्करोगानें गेले. वय अवघें ५७. त्यांना तंबाखूची संवय होती. मोठमोठे दवाखाने ज्यांना जवळ होते त्यांची ही गत, मग एस. टी.चें भाडें मोजून दवाखान्यांत जाणाऱ्यानें काय समजावें?

आपल्या शेजारींच बार्शीस कर्करोगाचा दवाखाना आहे. सन १९८७ पासून बार्शी, परांडा व भूम ह्या तालुक्यांतील कर्करोग्यांची गांवोगांव फिरून नोंद ठेवली जाते. खेड्यांपुरती अशी नोंद हिंदुस्थानांत प्रथम तेथेंच सुरू झाली. नोंद करणारे दारीं येतात व दुखणें अंगावर काढूं नका असें सांगतात, त्यांचें ऐकावें. गालाच्या आंत अगर जिभेवर पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखट न सोसणें, तोंड पूर्वीसारखें न उघडणें, ह्यांपैकीं कांहींही दिसलें तर दुखत नाहीं म्हणून थांबूं नये. केरळांत तिरुवनंतपुरम् येथें हजारों लोकांचीं तोंडें वेळोवेळीं तपासून पाहिलीं. तेव्हां तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यु सुमारें एकतृतीयांशानें कमी झाले, असें सन २००५ सालीं प्रसिद्ध झालें. ह्या तपासणीस नुसते डोळे व बॅटरीचा उजेड लागतो.

तर मग सोडणारा हरतो कोठें? आमच्या पाहण्यांत तो घरीं हरत नाहीं, पारावर हरतो. आमच्याकडे तंबाखू ही खाण्याची वस्तु कमी व देण्याघेण्याची अधिक. अनोळखी माणूस एस. टी.त शेजारीं बसला कीं "चुना हाय का?" म्हणून बोलणें सुरू होतें. भांडण मिटलें कीं एकाच्या तळहातावर दोघांची मळली जाते. दिवसभर रागें बोलणारा मालक संध्याकाळीं चंची पुढें करतो, आणि मजुराला वाटतें, आपली किंमत झाली. हात पुढें आला असतां "नको" म्हणणें म्हणजे माणसाला नाकारल्यासारखें होतें. आणि "नको" म्हटलेंच, तर "काय लेका, साधु झालास काय?" असा हंशा होतो. सोडून चार दिवस झालेला माणूस तंबाखूशीं झगडूं शकतो; पण तंबाखूशीं आणि दहा सोबत्यांशीं एकाच वेळीं झगडणें कठीण आहे.

म्हणून आमचें सांगणें सोडणाऱ्याच्या आधीं न सोडणाऱ्यांस आहे. तुम्हांस सोडावयाची नसेल तर तो तुमचा प्रश्न. परंतु ज्यानें सोडली आहे त्याच्यापुढें हात करूं नका. त्याच्यासमोर मळूं नका. त्याची थट्टा करूं नका. महिनाभर एवढें पाळलेंत तर एका घराचा कर्ता माणूस वांचविल्याचें श्रेय तुमचें. माया दाखवावयाची तर चहा द्या, शेंगा द्या, हुरड्यास बोलवा. तळहातावर विष ठेवूनच माया दाखविली पाहिजे असें नाहीं.

दुसरें सांगणें आईबापांस. लेंकराच्या हातांत पैसे देऊन त्यास पुडी आणावयास धाडूं नका. अठरा वर्षांच्या आंतल्यास तंबाखू विकणें व शाळेपासून शंभर यार्डांच्या आंत ती विकणें सन २००३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. पण दुकानदारापूर्वीं बापानेंच तो मोडला तर कायदा काय करील? सन २०१२ सालीं महाराष्ट्रांत गुटख्यास बंदी झाली. तरी सुपारी व तंबाखू एकत्र मळलेला मावा मिळतोच. आम्ही शाळेंतलीं माणसें रोज पाहतों कीं पोरें पुस्तकांतला धडा विसरतात, बापाच्या बोटांची हालचाल विसरत नाहींत. शिक्षकानेंही शाळेच्या आवारांत चंची आणूं नये, हें आम्ही आमच्या व्यवसायबंधूंस स्पष्ट सांगतों.

आतां सोडणाऱ्यानें काय करावें तें थोडक्यांत सांगतों. दिवस ठरवावा. मुहूर्त पंचांगांत पाहूं नये, आपल्या कामाच्या वर्षांत पाहावा. तोडीस जाणाऱ्यानें दसऱ्याआधीं तीन-चार आठवडे सोडावी, म्हणजे फडांत जाण्यापूर्वीं कठीण दिवस सरतील. आदल्या रात्रीं चंची, डबी, चुना, सारें घराबाहेर जावें; "असूं द्या पाहुण्यांसाठीं" हें चालणार नाहीं. पहिले तीन-चार दिवस सर्वांत जड जातात. डोकें दुखेल, राग येईल, झोप मोडेल. घरच्यांनीं त्या दिवसांतला राग मनावर घेऊं नये. पुष्कळांस बाराशिवाय सकाळीं शौचास होत नाहीं व तेथेंच निश्चय मोडतो. त्यांनीं उठतांच तांब्याभर कोमट पाणी प्यावें, जेवणांत पालेभाजी वाढवावी. कांहीं आठवड्यांत पोट आपल्या वळणावर येतें. तलफ आली तर ती बहुधा पांच-दहा मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्यावें, बडीशेप अगर फुटाणे चघळावे, जागेवरून उठावें. सुपारी, विडी, मिश्री यांकडे वळूं नये. तें म्हणजे एका मुकादमाची बाकी फेडण्यास दुसऱ्याची उचल घेणें होय. फारच जड गेलें तर डॉक्टरांस विचारून औषधाच्या दुकानांतून निकोटीनची चघळण्याची गोळी घ्यावी. आणि १८००-११-२३५६ ह्या क्रमांकावर फोन केला असतां सोडण्याविषयीं फुकट सल्ला मिळतो. हा क्रमांक तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो. पुडी टाकण्यापूर्वीं तेवढा उतरून घ्यावा.

पैशाचाही हिशेब ठेवावा. रोजचे वीस रुपये धरले तरी वर्षाचे ७,३०० रुपये होतात. ते रोज घरधनिणीच्या हातांत द्यावे आणि तिनें ते वेगळ्या डब्यांत ठेवावे. घरांत मिश्री असेल तर दोघांनीं एकाच दिवशीं सोडावी; एकानें सोडून दुसऱ्यानें चालविली तर दोघांचीही पुन्हां सुरू होते.

शेवटीं, कोणाची सोडून पुन्हां सुरू झाली तर त्यास कमकुवत म्हणूं नये. ज्यांची कायमची सुटली त्यांतल्या पुष्कळांनीं आधीं दोन-चारदां सोडून पाहिली होती. घसरला तो बार एकच होता असें समजून त्याच दिवशीं पुन्हां थांबावें. उचल एका हप्त्यांत फिटत नाहीं, पण नवी घेतली नाहीं तर ती फिटतेच. मात्र नवी न घेण्याचें बळ एकट्यानें आणावयाचें नाहीं. गांवानें पुढें केलेला हात मागें घेतला, कीं तें त्याच्या अंगीं आपोआप येईल.