विमानांच्या तोफा आणि आदिलाबादचे रान

माओवाद्यांशी मोठी चकमक झाली की, हवाई दलाने रानावर तोफा का डागू नयेत, असा सवाल हमखास विचारला जातो. आदिलाबादसारखा गोंडवस्तीचा जिल्हा डोळ्यांपुढे आणल्यास ही सूचना आम्हांस अनर्थकारक वाटते.

या शस्त्राचे सामर्थ्य गोमंतकास ठाऊक आहे. 18 डिसेंबर 1961 रोजी हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले. 1971 साली लोंगेवाला येथे ह्याच जातीच्या विमानांनी पाकिस्तानी रणगाडे टिपले. हंटरच्या चार तोफा मिळून सेकंदाला सुमारे 80 स्फोटक गोळे फेकीत, आणि नेम धरण्यास वैमानिकाला मिळत ते मोजके क्षण. उघड्या वाळूवर रणगाडा लपत नाही. सागाच्या रानात मात्र बंदूकधारी कोण आणि तेंदूपत्ता तोडणारी बाई कोण, हे त्या क्षणांत कसे ओळखावे? 20 एप्रिल 1981 रोजी इंद्रवेल्लीस पोलीस तर जमिनीवरच उभे होते. तरी सरकारी आकड्यानुसारच 13 माणसे मेली.

1966 साली ऐजॉलवर आपल्याच विमानांनी मारा केला. मिझो जनता तो अद्याप विसरलेली नाही. 2010 साली दंतेवाड्याच्या हत्याकांडानंतर हवाई दलप्रमुख प्रदीप नाईक यांनी, आपली शस्त्रे सीमेपलीकडील शत्रूसाठी आहेत, असे स्पष्ट बजावले. ही भीरुता नव्हती.

हेलिकॉप्टरांनी जखमी आणावेत, जवान पोचवावेत. त्यास आमची हरकत नाही. परंतु चळवळ क्षीण झाली असतानाच ही मर्यादा केंद्राने लेखी धोरण म्हणून जाहीर करावी.