पिवळ्या पिशवीत काय जातंय, बघा!

शेतकरी बंधूंनो, शेणखतात चुकून प्लास्टिक गेलं तर वेचून काढता येतं. ऑपरेशनच्या खोलीत मात्र रक्ताचा एक बोळा साध्या कागदांत पडला, की सगळा ढीगच घातक ठरतो. दवाखान्यातला सुमारे 85 टक्के कचरा साधाच असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. खोकी, वेष्टनं वगैरे. तो वेगळा ठेवायला फार खर्च नाही. टेबलाजवळ बादल्या नीट मांडायच्या. 2016 च्या नियमांप्रमाणे रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, नळ्या-हातमोजे लाल पिशवीत, सुया-ब्लेड पांढऱ्या डब्यात. पिवळी पिशवी भट्टीत जाते. तिच्यात नळ्या गेल्या तर धूर विषारी. सुई कुठंही टाकली, तर ती टोचते झाडूवालीला.

कापडी चादरी, गाऊन ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करून पुन्हा वापरता येतात. मग एकदाच वापरून फेकायचे कशाला? (सुई-सिरिंजमध्ये मात्र ही काटकसर अजिबात नको.) पाकीटही लागेल तेव्हाच फोडावं.

सरपंच मंडळी, रुग्ण कल्याण समितीत आपल्यातले काहीजण बसतात. नुसती रंगरंगोटीची बिलं पाहून उठू नका. विचारा: कुटुंब नियोजनाच्या शिबिरानंतर पिवळ्या पिशव्या किती भरल्या, वजन कुठं लिहिलं, आणि 48 तासांच्या आत गाडी आली का?