ब्रेक लागतो, पण सुटतो का?



गळीत हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टरचे तेल बदलले जाते, टायर पाहिले जातात, ट्रॉलीच्या पिना तपासल्या जातात. ब्रेकच्या बाबतीत मात्र "लागतोय ना? मग झाले," एवढ्यावर भागते. पण ब्रेक लागतो की नाही हे जितके महत्त्वाचे, तितकेच तो पुरता सुटतो की नाही हेही महत्त्वाचे आहे. न सुटलेला ब्रेक दिवसभर घासत राहतो, डिझेल खातो आणि तापतो. तापलेल्या लायनिंगची पकड कमी होते. म्हणजे नको तेथे धरणारा ब्रेक हवा तेथे धरत नाही. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. गगनबावडा, पन्हाळा, राधानगरी, आजरा या भागांत उतारावर भरलेली ट्रॉली मागून ढकलत असते, तेव्हा सारा भार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन ब्रेकांवर असतो.

दोष ओळखायचा कसा? ट्रॉली सोडून ठेवा. सपाट रस्त्यावर ब्रेकला पाय न लावता ट्रॅक्टर दोन-एक किलोमीटर चालवून आणा. मग दोन्ही बाजूंच्या ब्रेकच्या घरांजवळ तळहात न्या, पण टेकवू नका. एक बाजू दुसरीपेक्षा जास्त धगधगत असेल, जळका वास येत असेल, तर त्या बाजूचा ब्रेक अडकतो आहे. खात्रीसाठी जागा सपाट व टणक पाहून बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, मागचे एक चाक जॅकने उचला, खाली भक्कम ठोकळा द्या आणि गिअर न्यूट्रल करून चाक हाताने फिरवा. मग दुसऱ्या बाजूलाही तसेच करा. एक चाक जड फिरले की दोष कोठे आहे ते कळले.

आता कारणे पाहू. आधी बिनखर्चाची.

पहिले कारण आपला पाय. पुष्कळ गडी चालवताना पाय पेडलवरच ठेवतात. दिवसभर पायाचे ओझे पडले, की ब्रेक अर्धवट लागलेलाच राहतो. हातब्रेक पुरता न सोडता निघण्याची सवयही तशीच.

दुसरे, पेडलची मोकळी चाल. पेडल दाबताना सुरुवातीला थोडे सैल जायला हवे. किती, ते ट्रॅक्टरबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत दिलेले असते. ब्रेक 'कडक' हवा म्हणून कोणी ही चाल पार घालवली असेल, तर ब्रेक सुटायला जागाच उरत नाही. दोन्ही पेडलांची चाल सारखी ठेवावी. भाताच्या चिखलणीत वळताना एकाच बाजूचा ब्रेक जास्त वापरला जातो, म्हणून ती बाजू लवकर झिजते.

तिसरे, गंज आणि चिखल. पेडलचा दांडा, सांधे व दट्ट्या यांना ग्रीस नसेल, किंवा पेडल मागे ओढणारी स्प्रिंग तुटली वा ढिली झाली असेल, तर पाय काढला तरी पेडल वर येत नाही. शिरोळ, करवीर, हातकणंगले भागांत २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये महापूर आला. अशा पुरात बुडालेला ट्रॅक्टर नुसता धुऊन चालू करू नये; ब्रेक उघडून साफ करून घ्यावेत. कोरड्या डिस्क ब्रेकमध्ये दोन ताटल्यांच्या मधे पोलादी गोळ्या असतात. त्यांच्या खाचा गंजल्या किंवा झिजल्या, की ताटल्या परत जवळ येत नाहीत आणि घासत राहतात. हे काम मिस्त्रीचे. तेलात बुडालेले ब्रेक असतील, तर पुस्तिकेत सांगितलेलेच तेल हवे आणि त्याची पातळीही बरोबर हवी.

वाटेत ब्रेक तापलाच तर ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला घ्या, इंजिन बंद करून खालचा गिअर टाका, ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्हींच्या चाकांना मोठे दगड लावा आणि निवू द्या. घाईने पाणी ओतू नका. कोल्हापूर हे ओतकामाचे गाव. शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत कोणालाही विचारा, तापलेल्या बिडावर गार पाणी पडले की तडा जाण्याचा धोका असतो. करकरतो म्हणून लायनिंगवर तेल तर कधीच सोडू नये.

उतारावरचा खरा ब्रेक म्हणजे गिअर. जो चढ ज्या गिअरने चढाल, तोच उतार त्याच गिअरने उतरावा. गिअर उतार लागण्याआधीच टाकावा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नये, क्लच दाबून ठेवू नये. रस्त्यावर दोन्ही पेडल कडीने जोडलेलेच असावेत. एकच पेडल दाबले गेले, तर ट्रॅक्टर त्या बाजूला वळतो आणि ट्रॉलीसह उलटू शकतो.

आणखी एक गोष्ट घरच्या सर्वांसाठी. ब्रेकमधली काळी धूळ हवेने उडवू नका, झाडू नका. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, ते कपडे वेगळे धुवावेत आणि पोरांना जवळ येऊ देऊ नये.

पहिली खेप भरण्याआधी या तपासणीला एक सकाळ द्या. आणि ट्रॅक्टर भाड्याचा गडी चालवणार असेल, तर हे पान त्यालाही वाचून दाखवा. उतारावर स्टिअरिंग त्याच्याच हातात असणार आहे.