नेट गेलं तरी घड्याळ चालतं, पण वेळ चुकते! सीसीटीव्ही, वीजमीटरचं काय?

जालना : वादळ-पावसात रेंज गेली की ऑनलाइन कामं अडतात, हे गावोगावी सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच वेळी आणखी एक गोष्ट बिघडते, ती कुणाच्या लक्षात येत नाही. ती म्हणजे मशीनमधलं घड्याळ.

देशाची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा (एनपीएल) अणुघड्याळांवर सांभाळते. कॉम्प्युटर, डीव्हीआर नेटवरून सर्व्हरला वेळ विचारून स्वतःचं घड्याळ जुळवून घेतात. सर्व्हर सापडला नाही तर घड्याळ थांबत नाही, आतल्या क्वार्ट्झवर चालत राहतं. साधं क्वार्ट्झ दिवसाला एक-दोन सेकंद चुकू शकतं. म्हणजे वर्षभरात सहा ते बारा मिनिटांपर्यंत फरक!

मोठी चूक लगेच कळते. सीपीयूचा सेल संपला, तारीख जुन्या वर्षात गेली की वेबसाइटच उघडत नाहीत. दहा मिनिटांची चूक मात्र गुपचूप राहते. खरा धोका तिथंच आहे.

फटका कुठं?

शेतातली मोटार चोरीला गेली आणि गावच्या कॅमेऱ्यात कुणी दिसलं, तरी फुटेजची वेळ मोबाईलच्या कॉल रेकॉर्डशी जुळायला हवी. नाही जुळली तर आरोपीच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो. विजेचंही तसंच. टीओडी स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत आहे. काही मिनिटांनी बिलात फार फरक पडणार नाही, पण वेळेवर दर ठरणार असेल तर मीटरचं घड्याळ तपासलेलं हवंच.

नियम काय?

सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात सरकारी कार्यालयं आणि कंपन्यांना एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी यंत्रणा जोडायला सांगितलं. कायदेशीर व्यवहारात भारतीय प्रमाणवेळच वापरावी, असा नियमांचा मसुदा केंद्राने जानेवारी २०२५ मध्ये काढला. पण नेटच नसेल तर आदेश कागदावरच राहतो. म्हणून घड्याळ शेवटचं कधी जुळलं, यावर नजर हवी.

हे करता येईल

- विंडोजच्या तारीख-वेळ सेटिंगमध्ये शेवटचं सिंक कधी झालं ते दिसतं. सेवा केंद्रचालकांनी आठवड्याला बघावं.
- ग्रामपंचायतीने डीव्हीआरची वेळ महिन्यातून एकदा रेंजमधल्या मोबाईलशी ताडून वहीत नोंदवावी.
- फुटेज देताना दोन्ही वेळांतला फरक पंचनाम्यात लिहून घ्यावा.

खर्च शून्य, पण वेळेला हीच नोंद कामी येते.